लकडगंजच्या नजरेतून एक जहाज

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं एक बंदरगाव आहे. तिथल्या जुन्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक लढाऊ जहाज आजही पाण्यावर आहे. नाव एचएमएस त्रिंकोमाली. १८१७ साली ते मुंबईत बांधलं गेलं, मलबारच्या सागवानातून. बांधणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया. ब्रिटनमध्ये अजून तरंगत असलेल्या लढाऊ जहाजांत हे सगळ्यांत जुनं. नेल्सनचं 'व्हिक्टरी' त्याहून जुनं आहे, पण ते कोरड्या गोदीत टेकूंवर उभं आहे.

मी तिथे पोहोचले ती बहिणीच्या मुलामुळे. तो त्याच भागात शिकतो. त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने राजवाडे आणि चर्च बाजूला ठेवले आणि म्हणाला, "मावशी, दोनशे वर्षं पाण्यात असलेलं सागवान पाहायचंय का तुला?" आमच्या घरातला पोरगा तो. मावशी कशाने उठते हे त्याला बरोबर ठाऊक.

आमचं घर लकडगंजातलं. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. आलापल्ली, बल्लारशा, भंडारा, बालाघाट अशा चारी बाजूंच्या जंगलातलं लाकूड इथे यायचं आणि चिरून, मोजून देशभर जायचं. वडिलांची तिथे आरामशीन होती. दुपारच्या शाळेला जाण्याआधी आम्ही बहिणी भुशाच्या ढिगावर खेळायचो आणि बाबा ट्रकमधून उतरलेल्या लठ्ठ्यांभोवती फिरत असायचे. कापलेल्या तोंडावर पाण्याचं बोट फिरवायचं, वलयं दाट की विरळ ते पाहायचं, बाहेरचा पांढरा थर किती आणि आतला गाभा किती याचा अंदाज घ्यायचा, मग कुऱ्हाडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकायचा. तडा आत किती खोल गेलाय ते आवाज सांगतो, असं ते म्हणत. लाकडाच्या बाजारात आमच्याकडच्या सागवानाला अजून 'सी.पी. टीक' म्हणतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस जाऊन किती पिढ्या झाल्या, पण लाकडाने तो प्रांत सोडलेला नाही.

तर असं डोळ्यांचं शिक्षण घेतलेली मी त्या जहाजावर चढले.

पहिल्यांदा नजरेत भरतो तो बाहेरचा रंग. काळं अंग, तोफांच्या झरोक्यांच्या ओळीवर पांढरा पट्टा, आणि नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या पुरुषाचा लाकडी अर्धपुतळा. भोवतालची गोदी जुन्या बंदरासारखी सजवलेली आहे, लहान मुलांसाठी बरंच काही आहे. ते सगळं मी भरभर ओलांडलं. जवळच 'विंगफील्ड कॅसल' नावाची १९३४ ची चाकांची आगबोट बांधलेली आहे, याच हार्टलपूलमध्ये बांधलेली, हंबर नदीवर माणसं पोहोचवणारी. तिच्याकडेही मी काठावरूनच पाहिलं. मला आत जायचं होतं, तुळयांखाली.

तोफांच्या मजल्यावरून खाली उतरलं की वाकावं लागतं. माझी उंची बेताची, तरी मान खाली. या खालच्या मजल्यावर खलाशी राहत, जेवत, झूल्यांमध्ये निजत. बऱ्याच भागाला रंग दिलेला आहे, पण काही जागी लाकूड उघडं आहे. तिथे मी हात ठेवला. दोनशे वर्षांचं सागवान आता सोनेरी राहिलेलं नाही, गडद तपकिरी झालंय. पण रेषा स्पष्ट. सरळ, दाट, लांबवर न तुटता जाणाऱ्या. मी बोट ओलं करून त्यावरून फिरवलं. भाच्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ओरडतं का म्हणून. ओला झालेला पट्टा क्षणभर उजळला आणि आतून तोच रंग वर आला जो मी लकडगंजात हजार वेळा पाहिलाय. एका तुळईत गाठ होती. बांधणाऱ्याने ती गाठ मधोमध न येऊ देता कडेला, आधाराच्या जवळ घेतली होती. असं आपोआप होत नाही. कुणीतरी तो लठ्ठा फिरवून फिरवून पाहिला असेल, इकडून नको, तिकडून लाव, असं म्हटलं असेल. मुंबईच्या गोदीत, मराठीत नाहीतर गुजरातीत.

हे जहाज मुंबईत का बांधलं, याचं उत्तर नेपोलियनच्या लढायांत आहे. इंग्रजांची जहाजं ओकच्या लाकडाची. एकेका मोठ्या जहाजाला हजारो झाडं लागत आणि ओक वाढायला शंभर-दीडशे वर्षं. लढाया लांबल्या, ओक कमी पडू लागला. मुंबईत मात्र ईस्ट इंडिया कंपनीची गोदी होती, १७५० पासून कोरडी गोदी होती, आणि वाडियांचं घराणं होतं. लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी त्या गोदीत जहाजामागून जहाज बांधलं. जमशेटजींनी बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह झाला. मुंबईच्या लाकडावर बसून चीनचं हाँगकाँग लिहून घेतलं गेलं. त्याच जमशेटजींच्या 'वेलस्ली'ला १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, थेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडवलं. सव्वाशे वर्षं टिकलेलं लाकूड बुडवायला विमान लागलं.

त्रिंकोमालीच्या बांधणीच्या नकाशांची गोष्ट मला फार आवडली. जहाज बांधायचा हुकूम १८१२ साली निघाला आणि नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' जहाजाने 'जावा'ला गाठलं आणि हरवलं. नकाशे गेले. दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबलं. त्या 'जावा'वर एक प्रवासी होता, लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप, मुंबईच्या सैन्याचं सेनापतिपद घ्यायला निघालेला. तोही कैद झाला आणि पुढे सुटून हिंदुस्थानात आला. पाच वर्षांनी मराठ्यांविरुद्ध कंपनीने जी दख्खनची फौज उभी केली, तिचा सेनापती हाच हिस्लॉप. (नागपूरकरांनी गोंधळू नये. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप, हे वेगळे.) आणि 'कॉन्स्टिट्यूशन'? १७९७ सालचं ते जहाज बोस्टनमध्ये अजून तरंगतं आहे. नकाशे बुडवणारं जहाजही आहे आणि त्या नकाशांवरून उशिरा बांधलेलं जहाजही आहे.

१८१६ मध्ये जहाजाचा तळाचा कणा बसवला. पारशी रिवाजाप्रमाणे कोरलेला चांदीचा खिळा त्या कण्यात ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरवलं.

ही तारीख वाचली आणि मी तिथेच थांबले. १८१७ चा ऑक्टोबर. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची. मुंबईत वाडियांच्या कारागिरांनी त्रिंकोमाली समुद्रात ढकललं आणि दीड महिन्याने आमच्या स्टेशनमागच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली. आम्ही शाळेत सीताबर्डीची लढाई पाठ केली, दरवर्षी टेकडी पाहिली, पण त्याच हंगामात तीच कंपनी मुंबईत काय बांधत होती हे कुणी सांगितलं नव्हतं. इतिहासाच्या पुस्तकात समुद्र एका प्रकरणात असतो आणि आपलं गाव दुसऱ्या.

तसं पाहिलं तर नागपूरला एकेकाळी स्वतःचा समुद्रकिनारा होता. १७५१ पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. कटक, पुरी, बालासोरचं बंदर, सगळं. १८०३ च्या देवगावच्या तहात तो किनारा इंग्रजांना द्यावा लागला. म्हणजे अर्धशतकाहून जास्त काळ बंगालच्या उपसागराची लाट नागपूरच्या हिशेबात जमा होत होती. आज नागपूरच्या महाल भागात उभं राहून हे सांगितलं तर लोक हसतील, पण हे खरं आहे. "आपला काय संबंध समुद्राशी" हे वाक्य मी नागपुरात इतक्यांदा ऐकलंय, कधी अभिमानाने, कधी तक्रारीने. देशाचा मध्य आम्ही झिरो माईलच्या खांबाला बांधून ठेवलाय आणि मध्यातल्या माणसाला कड दिसत नाही. त्या जहाजावर मला ती कड दिसली, कारण जहाज समुद्रात सुरू होत नाही. ते जंगलात सुरू होतं.

आणि जंगलाची गोष्ट त्या संग्रहालयात फार थोडी आहे.

सागवानाची एक खोड आहे. ओलं लाकूड पाण्यात तरंगत नाही, बुडतं. म्हणून जहाजासाठी झाड पाडण्याआधी त्याच्या बुंध्याभोवती साल आणि खालचा पांढरा थर गोलाकार कापून टाकत. झाड उभ्या उभ्या मरतं आणि दोन-तीन वर्षं तसंच उभं राहून वाळतं. मग ते पाडायचं, हत्तींनी किंवा माणसांनी ओढत नदीपर्यंत न्यायचं, पुराच्या पाण्यात सोडायचं आणि नदीच्या मुखाशी पकडायचं. मलबारचं लाकूड असंच किनाऱ्याला आलं आणि तिथून मुंबईला. किती लोकांचे हात लागले असतील त्याला. झाडाला कड घालणारे, ओढणारे, छातीभर पाण्यात उभे राहून लठ्ठे वळवणारे.

या लाकडासाठी कंपनीने काय केलं तेही सांगायला हवं. १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात जंगलाचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमलं. जंगल राखायचं ते आरमारासाठी. साग कंपनीचा, असं जाहीर झालं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना स्वतःच्या कामासाठी झाड तोडणं गुन्हा झालं. असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये मद्रासचे गव्हर्नर मन्रो यांनी ते पदच रद्द केलं. तोवर जंगल ओरबाडून झालं होतं. मग १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कोनोली याने निलांबूरला सागाची लागवड सुरू केली, चातू मेनन यांच्या देखरेखीखाली. १८४६ ची ती झाडं निलांबूरला अजून उभी आहेत. सागाची अशी ठरवून केलेली ती जगातली पहिली लागवड. आपल्याकडच्या वनखात्याच्या प्रत्येक सागबनाची आजी तीच म्हणायची.

हे सगळं मला त्रिंकोमालीच्या पोटात आठवत राहिलं. वाडियांचं नाव तिथे आदराने लिहिलंय आणि ते योग्यच आहे. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजी आरमाराचं जहाज बांधणाऱ्या हिंदी माणसाचं नाव आज इंग्लंडातल्या मुलांना कळतं, याचं मला समाधान वाटलं. पण लाकूड कुठून आलं, कुणी आणलं, कशाच्या बदल्यात आलं, हा भाग एका ओळीत उरकतो. ही उणीव फक्त त्यांची नाही. आपल्याकडच्या कुठल्या देवळाच्या, वाड्याच्या पाटीवर लाकडाचं मूळ गाव लिहिलेलं असतं? नव्या संसद भवनाला सागवान नागपूरचं लागलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना बल्लारशाचं. ती बातमी आमच्या पेपरात पहिल्या पानावर आली. आलापल्लीच्या जंगलात ते झाड वाढवणाऱ्या, पाडणाऱ्या एकाही माणसाचं नाव त्यात नव्हतं.

परत जहाजाकडे येते. ओक आणि साग यांतला फरक तिथे माझ्या भाच्याने मला विचारला आणि मी बाबांच्या शब्दांत सांगितला. ओकच्या लाकडात आम्ल असतं, त्यात ठोकलेला लोखंडी खिळा हळूहळू खातं. खिळा सैल होतो, भोक मोठं होतं, पाणी शिरतं, लाकूड कुजतं. सागात तेल असतं. ते खिळ्याला सांभाळतं, किडीला आणि पाण्याला दूर ठेवतं. म्हणून ओकच्या जहाजांची डागडुजी सतत आणि सागाची बेतानेच. स्कॉटलंडमध्ये डंडी इथे 'युनिकॉर्न' नावाचं याच आराखड्यावरचं, १८२४ सालचं ओकचं जहाज आजही आहे. त्याला कधी डोलकाठ्याच बसवल्या नाहीत, वर छप्पर घालून ते बंदरात ठेवलं गेलं, म्हणून वाचलं. दोघी एकाच घरच्या, एक थंड देशातल्या ओकची, एक मलबारच्या सागाची. सागवाली मात्र जगभर फिरून आली.

तसं तिचं नशीब विचित्रच. बांधून तयार झाली तोवर लढाया संपल्या होत्या. १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचली आणि जवळजवळ पंचवीस वर्षं बंदरात नुसती पडून राहिली. १८४७ मध्ये ती पहिल्यांदा कामाला निघाली, तोवर शिडाच्या जहाजांचे दिवस सरत आले होते. वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिकेचा किनारा, मग प्रशांत महासागर. १८५७ ला परत. त्यानंतर खलाशांना शिकवण्याचं जहाज झाली. १८९७ मध्ये भंगारात निघालेली असताना कॉब नावाच्या एका सधन माणसाने ती विकत घेतली. त्याचं आधीचं 'फूद्रॉयाँ' नावाचं जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं होतं. त्याने तेच नाव या जहाजाला दिलं आणि पोरांना समुद्र शिकवायला ते वापरलं. १९८६ पर्यंत या लाकडावर मुलं राहिली, झोपली, दोर बांधायला शिकली. मला तिच्या तोफांपेक्षा हे जास्त भावलं. लढाईसाठी बांधलेल्या वस्तूला लढाईने नाही वाचवलं. रोज कुणीतरी तिच्यावर झाडू मारत होतं, गळती शोधत होतं, पोरं धावत होती, म्हणून ती राहिली.

तिच्या शेजारी बरीच वर्षं 'इम्प्लेकेबल' नावाचं आणखी एक जहाज उभं असायचं. मूळ फ्रेंच, ट्रफाल्गारच्या लढाईत लढलेलं आणि त्यानंतर इंग्रजांनी पकडलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून २ डिसेंबर १९४९ ला त्यांनी ते समुद्रात नेऊन, दोन्ही देशांचे झेंडे लावून, सुरुंग लावून बुडवलं. त्या देशाला याची खंत पुढे फार वर्षं राहिली आणि जुनी जहाजं वाचवणाऱ्यांनी 'इम्प्लेकेबल पुन्हा नको' हीच हाक दिली.

आम्ही ती खंत धरली नाही. 'विक्रांत' आठवते मला. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली आपली विमानवाहू नौका. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवली. शाळेची सहल घेऊन मी तिच्यावर गेले होते. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर जागलेली नागपूरची पोरं तिच्या डेकवर चढली आणि एकदम गप्प झाली, इतकं मोठं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं. एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, हे पाण्यावर उभं आहे का जमिनीवर?" मी तिला कडेला नेऊन खालचं पाणी दाखवलं. २०१२ मध्ये धोकादायक म्हणून ती बंद झाली, मग लिलाव झाला आणि २०१४ पासून ती तोडली गेली. तिच्या पोलादातून मोटारसायकली निघाल्या. पैसा नव्हता, जागा नव्हती, पोलाद गंजलं होतं, ही सगळी कारणं मला माहीत आहेत. तरी मला राग आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते. आता विशाखापट्टणमला 'कुरसुरा' पाणबुडी किनाऱ्यावर ठेवलेली आहे, लोथलला मोठं सागरी संग्रहालय उभं राहतंय. चांगलं आहे. पण नवी इमारत बांधणं आणि जुनं जहाज दर वर्षी खरवडून, बुजवून, रंगवून जिवंत ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाची सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

हार्टलपूलने ते काम कसं केलं? तिथली जहाजबांधणी साठच्या दशकात थांबली होती. गाव बसलं होतं. मग १९७९ मध्ये 'वॉरियर' नावाचं लोखंडी जहाज दुरुस्तीला तिथे आणलं, आणि ते झाल्यावर १९८७ मध्ये पोर्ट्समथहून तराफ्यावर चढवून त्रिंकोमाली. २००१ पर्यंत काम चाललं. ज्या गावाचे हात रिकामे झाले होते, त्या हातांना हे काम मिळालं. म्हणून ते जहाज तिथल्या लोकांना मुंबईचं न वाटता आपलं वाटतं. मला याचं वाईट वाटलं नाही. ज्यांनी सांभाळलं, त्यांचा हक्क आहेच.

परतल्यावर मी नागपूरच्या नदीचा माग काढत बसले. अंबाझरीवरून वाहणारी आमची नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्ध्याला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. इंग्रजांनी हा रस्ता प्रत्यक्ष वापरायचं ठरवलं होतं. १८५४ ला नागपूर खालसा झाल्यावर इथला आणि वऱ्हाडचा कापूस नावांमधून गोदावरीने खाली काकिनाड्याकडे न्यायचा, असा इंग्रज इंजिनिअर आर्थर कॉटन यांचा आग्रह. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले तेव्हा कामाला जोर आला. वाटेत खडकांचे तीन अडथळे होते. पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा प्राणहितेच्या संगमाखाली, तिसरा थेट आमच्या गडचिरोलीत देवलमारीला, प्राणहितेवर. बंधारे, कालवे, नावा वरच्या पाण्यात चढवायचे दरवाजे (लॉक), असं बरंच काम झालं आणि १८७१ मध्ये सोडून दिलं. १८६७ लाच रेल्वे नागपूरला पोहोचली होती. कापूस मुंबईला निघाला आणि नदी पुन्हा नुसती नदी झाली. ते काम पुरं झालं असतं तर नागपुरातल्या माणसाच्या तोंडी खलाशांची भाषा असती.

त्रिंकोमालीचे फोटो घेऊन मी परवा लकडगंजात गेले. आमची आरामशीन कधीच विकली. बाबाही नाहीत. पण त्यांच्या हाताखाली लहानपणापासून काम केलेले एक मिस्त्री शेजारच्या गल्लीत अजून बसतात. विजेची मशीन येण्याआधी मोठी करवत ओढणाऱ्या जोडीत त्यांचे वडील वरचे असत, लठ्ठ्यावर उभे राहून रेघ धरणारे. मिस्त्रींना आता कमी दिसतं. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि बोटांनी फोटो मोठा केला. जहाज बघितलंच नाही. एका फळीवर थांबले.

"ताई, हे एक फळी नोहे. दोन हायेत. पाह्य, इथून सांधा गेला."

मला दिसेना. त्यांनी बोटाने तिरपी रेघ दाखवली, मग ती दिसली. लांब तिरका काप, दोन्ही टोकं एकमेकांवर चढलेली, शेवटाला टोकदार न ठेवता बोथट केलेली.

"शेवट बारीक ठेवला का तुटून जाते. म्हणून असा जाडा ठेवला. अन् तिरपा का? ताण आला का दोघांवर वाटून जाते. आम्ही पण तुळईला असाच मारत होतो, वाड्याच्या. मुंबईवाल्यांना कोणं शिकवलं?"

मी म्हटलं, शिकवलं असेल त्यांच्या बापांनीच.

त्यांनी मशीनवरच्या पोराला हाक मारली. तो हात पुसत आला. मिस्त्री त्याला फोटो दाखवून विचारायला लागले, की हा सांधा आतून लाकडी खुंट्यांनी धरला असेल का तांब्याच्या सळीने. पोरगा म्हणाला, सळीच असेल, खुंटी सडेल. मिस्त्री म्हणाले, सागाची खुंटी सागात नाही सडत, आण ती फळी इकडे, करूनच दाखवतो.